शेड रिकामी असताना हवा स्वच्छच असणार!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पशुपालन प्रकल्पांवरचा कालचा लेख वाचला. वासाचा त्रास होतो, पण आरोग्याला धोका नाही, हे लेखकमहाशयांनी जिथे बसून लिहिले तिथल्या खिडक्या बहुधा उघडत नसाव्यात.

आमच्या घरापासून पोल्ट्रीच्या शेडचे पंखे हाकेच्या अंतरावर आहेत, तोंडे आमच्याकडे. वासाचे सोडा, नाक सरावते. प्रश्न धुळीचा आहे. कोंबड्यांची बॅच उचलली की लिटर, म्हणजे त्यांच्या खाली अंथरलेला विष्ठा मिसळलेला भुसा, काढतात. त्या दिवशी दोरीवरची चादर झटकली की तपकिरी भुकटी उडते. पिसांचे कण, भुसा, वाळलेली विष्ठा, सगळे त्यात. जिवाणू अशा कणांवर बसूनच प्रवास करतात. मेलेलेही सुखाने जगू देत नाहीत; काहींच्या आवरणातली एंडोटॉक्सिने नावाची विषारी द्रव्ये श्वासनलिकेला सूज आणतात. माझ्या पत्नीचा दमा नेमका त्याच दिवसांत बळावतो. हा योगायोग आहे, असे आम्हाला दोनदा ऐकवले गेले.

तक्रार केल्यावर तपासणीला माणसे आली, सात आठवड्यांनी. शेड धुऊन रिकामी, पंखे बंद. तिपाईवर यंत्र ठेवून अर्धा तास हवा घेतली आणि 'लक्षणीय काही आढळले नाही' असा कागद हाती दिला. लिटर काढतात त्या दिवशी या, एवढेच आमचे म्हणणे होते. त्या दिवशी सुट्टी होती म्हणे.

'पुरेसे अंतर' राखावे, असे लेखात आहे. पुरेसे म्हणजे किती? नेदरलँड्समध्ये २००७ ते २०१० या काळात क्यू फीव्हरचे, म्हणजे जनावरांतल्या जिवाणूंमुळे माणसाला होणाऱ्या तापाचे, ४,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यातल्या बहुतेकांचा शेळ्यांच्या गोठ्याशी काही संबंध नव्हता. गाभडलेल्या शेळ्यांच्या वारेतले जिवाणू धुळीत मिसळले आणि वाऱ्याने गावात गेले. तिथे एका गोठ्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना पाच किलोमीटरपलीकडच्यांपेक्षा कितीतरी जास्त धोका आढळला. शेवटी हजारो गाभण शेळ्या मारल्या. आमच्याकडे शेळ्या नाहीत, कोंबड्या आहेत, हे मला कळते. पण वारा दोघींना सारखाच.

माझ्या मागच्या पत्रातला हवेच्या मोजणीचा परिच्छेद आपण जागेअभावी गाळलात. लेखासोबत मात्र मोकळ्या कुरणात चरणाऱ्या गाईंचे चार रकानी छायाचित्र! बंद शेड आपल्या छायाचित्रकाराला सापडली नसेल, तर आमच्या घरी पाठवा. येताना पांढरे कपडे घालून यायला सांगा.

– एक वाचक