सईची शिकवणी लावू नकोस

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सई 'मागे पडतेय' असं शाळेतून सांगितलं हे वाचून जीव तुटला. साडेचार वर्षांच्या पोरीनं कुणाच्या पुढे धावायचंय रे? पानभर अक्षरं गिरवताना रडते म्हणून शिकवणी लावू का, असं विचारलंयस. मुळीच लावू नकोस.

आमच्या शनिवारच्या बाजारात सहावीतला एक मुलगा आईबरोबर भाजी विकायला बसतो. परवा मी त्याच्याकडे दीडशे ग्रॅम मिरची मागितली. भाव ऐंशी रुपये किलो. मी पाकीट काढेपर्यंत "बारा झाले काका" म्हणाला आणि पन्नासच्या नोटेतले अडतीस परत दिले. कसं काढलंस, तर म्हणे, "शंभरचे आठ, पन्नासचे चार." त्याची आई मात्र सांगत होती, शाळेत गणितात कच्चा आहे. त्याला काय येतं हे तिथे कुणी कधी विचारलंच नसणार.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला वारली मुलं दिवसभर गुरं राखायची, तर शिक्षक त्यांच्यामागे कुरणात गेले. तीच कुरणशाळा. खडे, बिया, पानं हेच तिथलं साहित्य. पोर शाळेत येत नाही म्हटल्यावर दोष त्यांनी शाळेत शोधला. मंदार, मला हे फार मोठं वाटतं. आज किती शाळा असं करतील?

शाळा नको असं मी म्हणत नाही. त्या बाजारातल्या मुलालाही उद्या सातबारा वाचता आला पाहिजे, बँकेतला कागद कळला पाहिजे. पण त्याच्या हिशोबाला धरून शिकवलं तर अपूर्णांक त्याला किती सोपे जातील!

आणि आपली सई? मे महिन्यात इथे आली होती तेव्हा तिनं चिंचोके चार पोरांत सारखे वाटले आणि उरलेला एक आजीच्या हातावर ठेवला. हा भागाकारच झाला की. बाईंना भेटून हे सांग. मुलं माती मळतात का, कागद फाडतात का, मणी ओवतात का, तेही विचार. बोटांत बळ आल्याशिवाय पेन्सिल धरायला लावणं हा छळ आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षं वयाचा टप्पा खेळत शिकण्याचाच मानलाय, हे मुख्याध्यापकांना ठणकावून सांगायला हरकत नाही.

तरी ऐकलं नाही तर जूनमध्ये शाळा बदल. भरलेली फी गेली तर जाऊ दे. भेटायला जाताना सोबत हवी असेल तर मी येतो, फक्त दोन दिवस आधी कळव.

वहिनींना नमस्कार, सईला गोड पापा.

तुझा,
विनायक