भिंतीच्या गोष्टीवरून

मळा, पणजी
शुक्रवार, रात्र

प्रिय बाबुल्या,

चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधताना आपण भांडलो त्याला आता नऊ महिने होतील. तू स्टुलावर, मी खालून कांगलां आणि तोरिंगं हातात देतोय, आणि तू वरूनच म्हणालास, "ती भिंत तुझ्या एकट्याची होती काय?" मी हातातलं तोरिंग सोप्यावर ठेवून चालू पडलो. नंतर दिवाळीला तुझा मेसेज आला, शिगम्यातही आला. दोन्ही वेळा उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. आज लिहायला बसलोय, कारण गेल्या रविवारी गावात जे झालं ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू? इथे पणजीत सांगितलं तर म्हणतील, देवळाची जुनी भिंत, कधीतरी पडायचीच.

घरी सगळे बरे. पाऊस जवळ आला तसे आईचे गुडघे धरले आहेत. माझा चष्म्याचा नंबर वाढला. असो.

देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक होती. मला मुद्दाम बोलावलं, "डिझायनर आपल्याच वाड्यावरचा" म्हणून. सभामंडपाला नवी फरशी, समोर ग्रॅनाइट आणि बाजूची ती भिंत, आपली कावीची, लाल थर कोरून काढलेल्या चित्रांची भिंत, खरवडून सिमेंटचा गिलावा. चवथ झाली की काम सुरू. तुझे काका म्हणाले, भिंतीला ओल धरलीय, पोपडे सुटताहेत. ते खोटं नाही. खिडकीखाली हातभर भाग फुगलाय, टिचकी मारली तर पोकळ वाजतो. पण तो फुगला कशाने? आपण नववीत असताना खालचे चार फूट बदामी ऑइलपेंट मारला होता ना, त्याने. चुन्याच्या भिंतीत ओल शिरते तशी बाहेरही पडते. रंगाने तिची वाट बंद केली, ती वर चढली. आता सिमेंटने तर सगळीच वाट बुजणार.

हेच सांगायला उठत होतो. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "चित्र जातंय कुठे? ह्याच्या कॉम्प्युटरात सगळं आहे. टाइलींवर छापून घेऊया, आणखी झळझळीत दिसेल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी काही बोललो नाही, बाबुल्या. खाली बसलो. लिहिणाऱ्याने वहीत लिहून घेतलं असणार की डिझायनरची हरकत नाही.

कॉम्प्युटरात काय आहे ते तुला ठाऊक आहे. हॉटेलवाल्यांसाठी केलेली तीच फाइल, जिच्यावरून माटोळीखाली महाभारत झालं. तेव्हा रागाने बोलता आलं नाही ते आज सांगतो. मी रोज काय काढतो? पाववाल्या पदेराचा भोंगा ऐकून उठतो, दोन उंडे पाव आणि चहा, आणि मग रात्रीपर्यंत निळी-पांढरी आझुलेजू, ती पोर्तुगीज फरशीवरची नक्षी. पाहिजे तर मेनूवर, पाहिजे तर साबणाच्या वेष्टनावर. प्रत्येक गिऱ्हाइकाला गोवा पाहिजे आणि गोवा म्हणजे निळी फरशी आणि तो मातीचा कोंबडा. आपल्या पेडण्यात फिरंगी आले तेच उशिरा, १७८८ साली. आपल्या आज्यांच्या घरांना चुना आणि लाल कावच होती. मोपाच्या नव्या विमानतळावर विमानं उतरायला लागल्यापासून हॉटेलवाले पेडण्याकडे वळले, आणि त्यातल्या एकाने विचारलं, "इथलं असं काही आहे का?" मला वाटलं, एकदा तरी आपला लाल रंग लोकांच्या समोर जाईल. मला खरंच तसं वाटलं. पैसेही आले, त्यातून आईच्या घरावरची कौलं आणि चार वासे बदलले.

पण ते काम मी फोटोवरून केलं. तू म्हणत होतास, ट्रंकेतल्या, भिंतीवरून घेतलेल्या छापाच्या पट्ट्या काढ. मला घाई होती. एक मोर काढला आणि उलटा करून दुसऱ्या बाजूला ठेवला. गेल्या रविवारी बैठक मोडल्यावर मी एकटाच मागे राहिलो आणि मोबाइलच्या उजेडात भिंत पाहिली. डाव्या मोराच्या पिसाऱ्यात तीन पिसं कमी आहेत, मध्ये खिडकी आली म्हणून. तिथे चित्र काढणाऱ्या त्या माणसाने मान मागे वळवलीय, म्हणजे मोर खिडकीबाहेर बघतोय असं वाटतं. उजव्याची मान सरळ. आणि पायाशी एक रेघ दोनदा ओढलेली आहे, हात घसरला असणार. माझ्या फाइलीत खिडकीच नाही. दोन्ही मोर सारखे, माना सरळ. ज्या फाइलीच्या भरवशावर भिंत खरवडताहेत, त्या फाइलीत ती भिंत नाहीच.

तुझे आजोबा सांगायचे ते आठवतं का? शिंपले भाजून चुना, त्यात धुतलेली नदीची रेती आणि गूळ, पाणी घालून आठवडे-दोन आठवडे कुजवायचं, मग कुटायचं. भिंतीला लिंपून वर कावीचा हात द्यायचा आणि ते ओलं आहे तोवरच टोकदार सळीने लाल काढून खालचा पांढरा उघडा करायचा. सुकलं की संपलं. म्हणजे ती मान त्या दिवशी, त्या वेळेपुरतीच वळवता येत होती. मी कॉम्प्युटरचा उंदीर हलवून शंभरदा मागे घेतो, पुढे नेतो. त्याला ती सोयच नव्हती.

आणि आपल्या पट्ट्या! आल्तिनोला कला महाविद्यालयात माझं पहिलं वर्ष, तू नुसता कागद धरायला आलेलास. भिंतीवर बटर पेपर लावून वरून आडवी पेन्सिल घासायची, कोरलेल्या रेघा आपोआप उमटायच्या. तू शिंकलास आणि भटजींनी चोर समजून घंटा बडवली. सगळा वाडा जमला, तुझी आई हातात कोयता घेऊन. नऊ पट्ट्या झाल्या होत्या, दहावीला तुझा बसचा वेळ झाला. अजून मला वाटतं, तू थांबायला हवं होतंस. ते भांडण वेगळं, ते मी सोडलेलं नाही.

मोरजाईच्या देवळातली कावी बघायला लोक लांबून मोरजीला येतात. आपलं देऊळ लहान, नाव नाही, म्हणून बोलणारं कोणी नाही. जे बोलू शकत होते त्यातला एक पुण्यात आणि एक खाली बसला.

आता ऐक. पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे. त्या नऊ पट्ट्या मला हव्यात, मापाला माप. फाइलीचा कागद आणि पट्ट्या शेजारी शेजारी लावून त्यांना मान दाखवायची आहे आणि माझी फाइल चुकीची आहे हे सर्वांसमक्ष सांगायचं आहे. ऑइलपेंट काढून चुन्यानेच डागडुजी करता येते, हेही. तुझ्या काकांना तू फोन कर. माझं ऐकायचे नाहीत, त्यांच्या लेखी मी हॉटेलवाल्यांचा माणूस. पुतण्याचं ऐकतील.

ट्रंक तुमच्या माळ्यावर आहे, पण किल्ली तुझ्याकडे. कुरिअर कर, नाहीतर आईला सांग, मी कुलूप तोडतो. शनिवारी म्हापशाहून कदंबाच्या बसने पोचेन.

तुझ्या छोटीला दात आले म्हणे, आईने सांगितलं. नव्या घराचे हप्ते जड जात असतील. फोटो पाठव, दोन्हींचे.

दहावी पट्टी मी शनिवारी रात्री करणार आहे. कागद धरायला कोणी नाही.

तुझा,
बाळगो