हवेचे वेळापत्रक वर्धा खोऱ्याचे हवे : पर्यावरण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

धूळ-धुराच्या कामांच्या वेळा आमच्या विदर्भातल्या वर्धा खोऱ्याच्या हवेप्रमाणे ठरवाव्यात, ही आमची मागणी. मुंबईत दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि सकाळी साचलेला धूर विरळ करतात. रात्री मतलई वारे उलट वाहतात. पावसाळा सरला की खारे वारे उशिरा आणि क्षीण येतात, तेव्हा मुंबईची हवा बिघडते. ऑक्टोबर 2023 मध्ये महापालिकेने 70 मीटरहून उंच बांधकामांभोवती 35 फुटी पत्रे लावायला सांगितले, ते त्या शहराच्या धुळीला धरून होते. आमची धूळ वेगळी आहे आणि तिची वेळही वेगळी. वर्धा-पैनगंगेच्या संगमापासून अरबी समुद्र साडेसहाशे किलोमीटरहून जास्त दूर. दुपारी येऊन हवा पालटणारे खारे वारे इथवर पोहोचत नाहीत.

वणी, घुग्घुस, राजुऱ्याच्या उघड्या कोळसा खाणी, चंद्रपूरचे 2,920 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आणि गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने एकाच पट्ट्यात आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ निरभ्र असते. दिवस मावळताच जमीन झपाट्याने गार पडते आणि तिच्यालगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली झाकण ठेवल्यासारखी अडकते. चुली, वीटभट्ट्या, ट्रक, सगळ्यांचा धूर-धुरळा त्याच थरात रात्रभर राहतो. ऊन तापल्यावर नऊ-दहाच्या सुमारास थर फुटतो, पण तोवर लेकरे शाळेत पोहोचलेली आणि बाया कापूस वेचायला वावरात गेलेल्या असतात. उन्हाळ्यात सारे उलटे. 45 अंशांत हवा उंचवर घुसळली जाते, धूर टिकत नाही. मात्र दुपारच्या वाऱ्याने वीज केंद्राच्या राखेच्या बंधाऱ्यावरची सुकी राख गावात येते.

म्हणून दोन ऋतूंत कामांना उलट्या वेळा लागतात. हिवाळ्यात कोळसा भरणे, फोडणे आणि वाहून नेणे सकाळी 10 ते संध्याकाळी 5 या वेळेत व्हावे. उन्हाळ्यात राखेची उचल सकाळी 10 च्या आत संपावी, आणि बंधाऱ्याचा उघडा भाग ओला ठेवावा. प्रदूषण नियंत्रण मंडळ खाणी-कारखान्यांना देते त्या संमतीपत्रात हे तास महिन्यांसह लिहून यावेत.

रस्त्यावर नुसते पाणी मारून भागत नाही. मे महिन्यात ते बघता बघता सुकते, आणि ओली झालेली कोळशाची माती चाकांखाली दळून पहिल्यापेक्षा बारीक होते. आधी रस्त्याच्या कडेचा थर खरवडून उचलायचा, मग धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राने झाडायचे, पाणी शेवटी. ट्रकमधला कोळसा फळीच्या वर दिसता कामा नये. ताडपत्री चारी बाजूंनी बांधलेली हवी, आणि खाणीच्या फाटकावर चाके धुतल्याशिवाय गाडी सुटू नये. ही धूळ फुटलेल्या बोंडावर बसते आणि कापसाची प्रत पडते.

पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, प्रश्न अधिक अवघड आहे, आणि त्यात शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. गुलाबी बोंडअळीची साखळी तोडायला फरदड (हंगामानंतर लांबवलेले कापसाचे पीक) घेऊ नका, हंगाम संपताच पऱ्हाटी उपटा, असे कृषी विभाग सांगतो. ते बरोबरच आहे. पऱ्हाटी घराजवळ रचून ठेवली तर किडलेल्या बोंडांत अळी जिवंत राहते. मजूर मिळत नाही, गव्हा-हरभऱ्यासाठी वावर मोकळे हवे, म्हणून ती धुऱ्यावर (बांधावर) पेटते, नेमकी हवा सर्वांत कोंडलेली असते त्या दिवसांत. ट्रॅक्टरवर चालणारे, पऱ्हाटीचे बारीक तुकडे करणारे कुट्टी यंत्र डिसेंबर-जानेवारीत गावोगाव भाड्याने मिळाले तर तीच पऱ्हाटी जमिनीत जाईल. मार्चमध्ये आलेले यंत्र काही कामाचे नाही.

आता मोजणीबद्दल. हाताने नमुने घेणारी केंद्रे आठवड्यातून दोनदा, वर्षाला 104 नोंदी घेतात आणि 24 तासांची सरासरी देतात. त्या सरासरीसाठी बारीक धूलिकण पीएम 2.5 ची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम, त्याहून जाड पीएम 10 ची 100. पहाटेचा जाड थर दुपारच्या स्वच्छ हवेत मिसळून त्या सरासरीत नाहीसा होतो. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूर, चंद्रपूर, अमरावती, अकोला ही शहरे घेतली गेली. खाणीलगतच्या गावांनाही तासातासाला मोजणारी यंत्रे हवीत. स्वस्त संवेदक बसवायचे असतील तर ते आधी प्रमाणित केंद्राशेजारी हिवाळाभर चालवून पाहावेत, कारण धुक्याचे थेंबही ते धूळ म्हणून मोजतात.

कोळसा वाहतुकीच्या या वेळांचा पहिला प्रयोग वणी-घुग्घुस रस्त्यावर येत्या नोव्हेंबरात सुरू करावा. त्याआधी ऑक्टोबरात रस्त्याकडेच्या दोन गावांत आणि रस्त्यापासून लांबच्या एका गावात यंत्रे लावावीत. तुलना करताना सारख्या गारठ्याच्या आणि सारख्या वाऱ्याच्या पहाटाच जोडीने घ्याव्यात, नाहीतर वाऱ्याने केलेली सफाई या वेळांच्या आदेशाच्या नावावर जमा होईल. आकडे दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत.

आपले,
वर्धा-पैनगंगा खोऱ्यातील शेतकरी आणि शिक्षक