ज्या ‘टक’वर तुम्ही विश्वास ठेवला नाहीत

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

काल आमचा टेम्पो भरल्या मालानिशी खंडाळ्याचा घाट चढून गेला. वाशीच्या मसाला मार्केटातून माल भरला होता, तळेगावपर्यंतच्या दुकानांना द्यायचा होता. खोपोली सोडल्यापासून टेंपरेचरचा काटा मधल्या रेघेच्या वर सरकला नाही, असं दादा सांगत होता. त्याचा फोन आला तेव्हा आबा जेवत होते. उष्ट्या हातानेच त्यांनी फोन घेतला आणि पहिलं काय विचारलं, तर “पाणी बघितलंस का?” पाणी सकाळी होतं तेवढंच होतं.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही “अगं, कामच आहे आमचं” म्हणता आणि पुढच्या गाडीखाली शिरता. म्हणून हे लिहून कळवते आहे, आणि चारचौघांनी वाचावं असं उघडपणे लिहिते आहे.

तुमच्याकडे यायच्या आधी आमचं इंजिन दोन ठिकाणी खोललं गेलं होतं. नावं घेत नाही, पण जे झालं ते सांगणार. आबांनी आयुष्यभर मार्केटात माथाडी म्हणून पाठीवर गोणी वाहिल्या आणि त्या पैशातून हा जुना टेम्पो घेतला. घरचा हप्ता, धाकट्याची फी, आईची औषधं, सगळं त्याच्या चार चाकांवर चालतं. पाणी कमी व्हायला लागलं, पण गळती कुठेच दिसेना. सकाळी गाडी चालू केली की पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, आणि इंजिन गरम व्हायच्या आधीच वरचा पाइप हाताला दगडासारखा कडक. पहिल्या ठिकाणी थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटर धुऊन घेतला, मग म्हणाले हेड गॅस्केट उडालंय, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला गळती रोखणारा पातळ थर. नवीन घातलं. तेही टिकलं नाही. दुसऱ्या ठिकाणी हेड फेसिंगला, म्हणजे खालची बाजू सपाट करून घ्यायला पाठवलं, परत नवीन गॅस्केट, परत तेच. शेवटी ऑइलमध्ये पाणी उतरलं आणि दादा रस्त्याच्या कडेला गाडी लावून उभा राहिला. मालकाने माल दुसऱ्या गाडीत टाकला आणि पुढचं भाडंही त्याच गाडीला दिलं.

त्या दुसऱ्या गॅरेजात मी स्वतः उभी होते. तिथल्या माणसाने पान्याच्या दांड्यात लांब पाइप घातला आणि अंगाचा जोर लावून नट आवळले. एका कडेपासून सुरुवात करून सरळ दुसऱ्या कडेपर्यंत. काही मापाने आवळायचं असतं का, असं मी विचारलं. “ताई, वीस वर्षांचा हात आहे, हाताला कळतं,” असं म्हणाला. मग इकडेतिकडे बघून म्हणाला, “घरातलं कोणी माणूस नाही का आलं?”

तुम्ही मला तसलं काही विचारलं नाहीत. दादा दुसऱ्याच्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून जात होता आणि आबांना उभं राहवत नाही, म्हणून तुर्भ्याला तुमच्याकडे मीच बसून असायची. तुम्ही स्टूल दिलंत, आणि जे जे उघडलंत ते ते मला बोलावून दाखवलंत. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फिलर, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घालून दाखवलात. हेड सपाट होतं, फेसिंगवाल्याने त्याचं काम नीट केलं होतं. मग तुम्ही ब्लॉकच्या भोकांकडे वळलात, ज्यांत हेड धरून ठेवणारे स्टड, म्हणजे आट्यांचे उभे दांडे, बसतात. एका भोकात तारेला चिंधी गुंडाळून फिरवलीत, ती काळपट चिखलाने भरून आली. तळाशी जुनं कूलंट आणि कचरा साचला होता. भोक खालून बंद असतं, त्यात पाणी राहिलं आणि वरून स्टड घातला, की पाण्याला जायला वाट नाही आणि पाणी काही दाबलं जात नाही. मग एक तर स्टड पूर्ण बसत नाही, नाहीतर ब्लॉकलाच तडा जातो. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ब्लॉक गेला असता तर आमचा धंदाच उठला असता.

स्टड बसवताना तुम्ही पाना हातात घेतलाच नाहीत. बोटांनी फिरवून बसवलेत, आणि सगळा जोर वरच्या नटावर द्यायचा असतो असं म्हणालात. तो जोर कुठे जातो हे मला तोवर माहीत नव्हतं. ढोबळमानाने निम्मा नटाखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात जातो, आणि राहिलेल्या दहाएक टक्क्यांत स्टड खरोखर ताणला जातो. हेड धरून ठेवतो तो हा ताण. डिझेल पेटवायला स्पार्क प्लग नसतो. हवा १८-२० पट दाबून तिच्या उष्णतेवर ते पेटवायचं असतं, आणि तो सगळा धक्का हेड वर उचलायला बघतो. त्यात हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणजे प्रत्येक घाटात ते गॅस्केट वरखाली आणि आडवंतिडवं ओढलं जातं. एक नट ढिला आणि शेजारचा जास्त आवळलेला असेल, तर गॅस वाट काढणारच. आटे कोरडे असले, गंजलेले असले, तर पाना माप दाखवतो पण स्टड ताणलेलाच नसतो. पाइप घालून आवळणाऱ्याच्या हाताला हे कसं कळणार होतं?

पण काका, हे पत्र मी खरं तर एका नटासाठी लिहिते आहे.

त्या दिवशी उशीर झाला होता. आजूबाजूची शटरं खाली आली होती, तुमचा पोरगा हात धुऊन बसला होता. इंजिनाच्या पुस्तकातल्या पानाची ती तेलकट झेरॉक्स तुम्ही सीटवर चिकटवली होती आणि त्यातल्या क्रमाने, मधून बाहेर, पहिली फेरी करून दुसरी चालू होती. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की टक वाजवणारा पाना, प्रत्येक नटावर वाजत होता. मागच्या कोपऱ्यातल्या, केबिनच्या पत्र्याआड गेलेल्या नटावर पाना लागला. टक वाजला. मी मनात म्हटलं, झालं. तुम्ही मात्र थांबलात. पाना काढून पुन्हा लावलात. पुन्हा टक.

“बाकीचे चांगले फिरून वाजले,” तुम्ही म्हणालात, “हा हललाच नाही. हा टक खोटा आहे.”

आणि तुम्ही तो नट काढलात. बॅटरीच्या उजेडात माझ्यासमोर धरलात. आतल्या एका आट्यात लोखंडाचा बारीक कीस अडकला होता आणि तो आटा चिरडला होता. पान्याला जोर लागत होता तो त्या किसाचा. स्टडला त्यातलं काही पोचतच नव्हतं. तुम्ही नवा नट आणि वॉशर काढलात, स्टडच्या आट्यांवरून नखाने तपासलंत, तेल लावून नट बोटांनी खालपर्यंत अलगद उतरवून पाहिलात. मग मला वाटलं, आता तेवढा एकच आवळतील. तुम्ही पोराला हाक मारलीत आणि बाहेरून आत, उलट क्रमाने, सगळे नट सोडलेत. गॅस्केट अजून पूर्ण दाबलं गेलेलं नाही, आत्ताच मागे फिरता येतं, असं म्हणालात. आणि पहिल्या नटापासून पहिली फेरी पुन्हा सुरू केलीत.

तो नट तसाच ठेवला असता तर कुणाला कळणार होतं? मला नाही, दादाला नाही. पाना तर वाजलाच होता. गाडी महिना-दोन महिने चाललीही असती, आणि परत गरम झाली असती तेव्हा खापर फोडायला रेडिएटर होता, दादाचं ड्रायव्हिंग होतं, आमचं नशीब होतं. आधीच्या लोकांनी हेच केलं. त्यांचा मला राग येतो तो चुकल्याचा नाही, चूक शोधायला ते एकदाही थांबले नाहीत याचा. आमचे पैसे घेऊन त्यांनी आम्हालाच सांगितलं की गाडी जुनी झाली, विकून टाका.

आमच्यासारख्यांना कुठलंच काम उघडून बघता येत नाही. भिंतीच्या आत वायर कुठली टाकली, टाकीत पाणी भरायच्या आधी ती घासली का, औषधाच्या पुडीत काय बांधलं, हे करणाऱ्यालाच माहीत असतं. या ठाणे-बेलापूर रस्त्यावर रोज लाखो माणसं अशा न पाहिलेल्या कामांच्या भरवशावर जातायेतात. आबांनी तुमची ती गोष्ट ऐकली आणि म्हणाले, आमच्या टोळीत थप्पी लावताना खालची गोणी नीट लावणारा एकच म्हातारा होता, त्याच्या थप्पीखाली आम्ही निर्धास्त जेवायला बसायचो. आबा सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत. तुमचं करतात.

काम संपल्यावर तुम्ही टॉर्क रेंच पुसलात, त्याचं माप सगळ्यात खाली आणलंत, कारण ताणलेला ठेवला तर आतली स्प्रिंग बिघडते, आणि तो पेटीत ठेवलात. दर वर्षी तो तपासून आणता, तेही त्या पोराकडून कळलं, तुमच्याकडून नाही. काही फेऱ्यांनंतर थंड इंजिनावर नट पुन्हा बघायला बोलावलंत, या इंजिनाला ते लागतं म्हणून, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. ते मला मान्य नाही. दादा रविवारी येईल तेव्हा पाकीट देईल, ते परत पाठवू नका. त्यातले थोडे तुमच्या पोराच्या स्वतःच्या टॉर्क रेंचसाठी आहेत. तुमचा वापरायला तो घाबरतो, मी बघितलंय.

आणि आणखी एक काम आहे. घणसोलीचे माझे मामा त्यांची पिकअप घेऊन येत्या आठवड्यात तुमच्याकडे येणार आहेत. त्यांच्या इंजिनाचं हेडही आधी दोनदा उघडलेलं आहे, तेव्हा भोकं आधी बघा. मामा घाई करतील, त्यांचं ऐकू नका.

तुमची,
कोपरखैरण्याच्या आबांची लेक