नौदलानं काय केलं, असं विचारणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी चकमक पेटली, तेव्हा आमच्या गावातल्या मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर रोज चर्चा रंगत होती. विमानांचं कौतुक झालं, तोफखान्याचं झालं. एकानं विचारलं, “आणि नौदलानं काय केलं?” कुणाकडंच उत्तर नव्हतं. विमानवाहू जहाजासह आपला ताफा उत्तर अरबी समुद्रात सज्ज होता आणि पाकिस्तानी जहाजं बहुतांशी बंदरात किंवा किनाऱ्यालगत थांबून राहिली, असं नौदलानं त्याच वेळी पत्रकार परिषदेत सांगितलं होतं. पण गोळी सुटली नाही म्हणजे काही घडलंच नाही, अशी आपल्याकडची समजूत. गेल्या ४ डिसेंबरला, नौदल दिनी, तोच प्रश्न पुन्हा कानावर आला म्हणून हे पत्र.

बेळगाव, खानापूर, निपाणी हा पलटणीचा मुलूख. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या बेळगावात. माझे वडील त्याच रेजिमेंटमध्ये होते, त्यामुळं लढाई म्हणजे पायदळ, असंच आमच्या घरात समीकरण होतं. १९७१ म्हटलं की तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं, म्हणजे आजच्या बांगलादेशातलं जमालपूर. जंगी पलटण, म्हणजे याच रेजिमेंटची पहिली बटालियन, तिथं कशी लढली, हे मी लहानपणापासून ऐकत आले. समुद्राचं नाव त्या गोष्टीत कधी आलंच नाही.

ते आलं कारवारला. मी खानापूर तालुक्यात शिक्षिका होते. एका वर्षी मुलांची सहल कारवारला नेली. तिथं समुद्रकिनारी ‘चपळ’ नावाची जुनी क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून ठेवली आहे. १९७१ मध्ये ज्या नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्यांच्याच रशियन घराण्यातली ही नौका. सातवीतला एक मुलगा तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि म्हणाला, “बाई, एवढ्याशा होडीनं कराची कशी गाठली?”

पोरगं बरोबर बोललं होतं. या नौका किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या. क्षेपणास्त्र जबरदस्त, पण पल्ला तोकडा. त्यांच्या एकटीच्या बळावर मुंबईहून कराचीला जाऊन परत येणं शक्यच नव्हतं. त्या तिथं पोचल्या, कारण कुणीतरी किनाऱ्यावर बसून आधी कित्येक महिने त्याचा हिशेब केला होता. नौका दोरखंडानं ओढत न्यायचा सराव झाला. सोबत ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ ही मोठी जहाजं दिली, इंधनाचं जहाज दिलं. रात्रीची वेळ निवडली, कारण शत्रूची विमानं अंधारात नौका शोधू शकत नव्हती. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ यांनी कराचीसमोर ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ हे सुरुंगशोधक जहाज बुडवलं. नौकांचं धाडस वादातीत आहे. पण त्या मागच्या हिशेबाला पश्चिम नौदल कमांड म्हणतात, आणि तिचे प्रमुख होते व्हाइस ॲडमिरल एस. एन. कोहली.

इथं लोकांचा एक घोटाळा होतो, तो सांगते. समुद्रावर ताफ्याचं नेतृत्व करणारा अधिकारी वेगळा आणि कमांडचा प्रमुख वेगळा. कमांडप्रमुख मुंबईत किंवा विशाखापट्टणमला, किनाऱ्यावरच असतो. दिल्लीतलं नौदल मुख्यालय उद्दिष्ट ठरवतं, ते कोणत्या जहाजांनी, कुठून आणि कधी गाठायचं हे कमांड पाहते. बंदरांचं रक्षण, दुरुस्ती, तेल, दारूगोळा, शत्रूचे बिनतारी संदेश टिपणं, हवाई दलाशी ताळमेळ, सगळं तिच्याच डोक्यावर. हा ताळमेळ बिघडला तर काय होतं, हे त्याच युद्धात दिसलं. पाकिस्तानी विमानांनी पाकिस्तानच्याच नौदलाच्या ‘झुल्फिकार’ जहाजावर हल्ला चढवला.

पूर्वेकडची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ‘विक्रांत’ या आपल्या विमानवाहू जहाजाच्या बॉयलरला तडा गेला होता, तिचा वेग मंदावला होता, आणि तिला गाठायला पाकिस्ताननं ‘गाझी’ पाणबुडी पाठवली होती. पूर्व कमांडचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी ‘विक्रांत’ला अंदमानच्या बाजूला दडवलं आणि ती विशाखापट्टणमलाच असल्याचं सोंग उभं केलं. ‘राजपूत’ ही म्हातारी विनाशिका ‘विक्रांत’ असल्यासारखे संदेश धाडू लागली. बंदरात मोठ्या जहाजाला पुरेल एवढ्या शिध्याची मागणी गेली. आईच्या आजारपणाची चौकशी करणारी एका खलाशाची साधी तारसुद्धा मुद्दाम उघडपणे पाठवली. ‘गाझी’ विशाखापट्टणमच्या तोंडाशी आली आणि ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर तिथंच बुडाली. ती ‘राजपूत’नं टाकलेल्या, पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बनी (डेप्थ चार्ज) बुडाली की आतल्या स्फोटानं, यावर दोन्ही देशांत अजून एकमत नाही. पण ती चुकीच्या जागी ‘विक्रांत’ला शोधत होती, हे नक्की.

‘विक्रांत’ मोकळी झाली. तिच्या विमानांनी पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावरचा कॉक्स बझार आणि चितगावचा परिसर झोडपला, समुद्राची वाट बंद झाली. म्हणजे जमालपूरला आपली जंगी पलटण ज्या फौजेशी झुंजत होती, तिला समुद्रातून कुमक येणार नव्हती आणि पळायलाही वाट नव्हती. वडिलांच्या गोष्टीत जो समुद्र नव्हता, तो असा त्या गोष्टीच्या पाठीशी उभा होता. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, आणि वडील तेव्हा नव्हते.

एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे, नाहीतर हे पत्र नुसतं गुणगान होईल. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘हँगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीनं आपली ‘खुखरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर बुडाले. ‘हँगोर’चा सुगावा लागल्यावर ‘खुखरी’ आणि ‘किरपाण’ यांना तिच्या मागावर कमांडनंच पाठवलं होतं, आणि त्यांची सोनार यंत्रणा, म्हणजे आवाजावरून पाण्याखालची पाणबुडी शोधणारी यंत्रणा, त्या आधुनिक पाणबुडीपुढं तोकडी होती. पाठवायला नको होतं, असं आज म्हणणं सोपं आहे. पण पाणबुडी मोकळी सोडली असती, तर कराचीवरून परतणाऱ्या नौकांचं काय झालं असतं? हातात असलेल्या जहाजांतूनच निवडायचं असतं, आणि त्या निवडीत कुणाची तरी घरं उजाड होतील हे निवडणाऱ्याला ठाऊक असतं. मी कोहलींच्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही.

संपादक महाशय, दरवर्षी ४ डिसेंबरला आपण कराचीचा हल्ला छापता, तो जरूर छापा. पण पुढच्या वेळी कृष्णन आणि कोहलींसाठीही अर्धं पान राखून ठेवा. आपल्या सीमाभागातल्या मराठी शाळांच्या सहली कारवारला जातात, तिथं कदंब नौदल तळही आहे. आणि खानापूर, निपाणी, चिकोडी भागात नौदलातून निवृत्त झालेली माणसं असतीलच. त्यातले कुणी १९७१ मध्ये जहाजावर असतील, तर आज ते सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या वार्ताहरांनी त्यांच्याकडं जावं, त्यांचं म्हणणं उतरून घ्यावं, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, ता. खानापूर, जि. बेळगाव