खोली ‘१० किलोमीटर’ छापण्यापूर्वी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

किनाऱ्यावरच्या शहराला पाच-साडेपाच रिश्टरचा धक्का बसला की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली असते. केंद्रबिंदू समुद्रात अमुक अंतरावर, खोली १० किलोमीटर, त्सुनामीचा धोका नाही, हानी किरकोळ. यातला खोलीचा आकडा पुष्कळदा मोजलेला नसतोच. हाती आलेल्या नोंदींतून खोली निघत नाही असे दिसले की ती १० वर स्थिर धरतात आणि बाकीचे गणित पुरे करतात. काही दशकांपूर्वी या जागी बहुधा ३३ असायचे. पहिल्या तासाची सोय म्हणून यात गैर काही नाही. पण पुढे तो आकडा दुरुस्त होत नाही, कोणता भ्रंश, म्हणजे खडकांतली सरकणारी भेग, हलला हे कुणी शोधत नाही आणि विषय बंद होतो, याची आम्हाला खरी काळजी वाटते.

मध्यम भूकंपाला किरकोळ समजणे महागात पडते. १९६० साली मोरोक्कोतल्या अगादीर शहरात झालेला भूकंप सहापेक्षा कमी तीव्रतेचा होता. नाभी, म्हणजे जमिनीखाली भूकंप जिथे सुरू झाला ती जागा, उथळ आणि जवळजवळ शहराच्या खालीच, त्यामुळे १२ हजारांहून अधिक माणसे गेली. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये १९८९ साली ५.६ च्या धक्क्यात १३ जण दगावले. क्राइस्टचर्चमध्ये २२ फेब्रुवारी २०११ रोजी १८५ बळी घेणारा भ्रंश त्याआधी नकाशावर नव्हता आणि त्या दिवशीही तो जमीन फाडून वर आला नाही.

किनाऱ्याची अडचण अशी, की सगळी भूकंपमापक केंद्रे जमिनीच्या बाजूला असतात आणि समुद्राची बाजू रिकामी. निम्म्याहून अधिक दिशांनी नोंदच नसली की भूकंप किनाऱ्यापासून समुद्रात किती आत झाला आणि किती खोल झाला, ही दोन्ही उत्तरे एकमेकांत गुंततात. एक हिशेब पाहा. सर्वांत जवळचे केंद्र ६० किलोमीटरवर असेल, तर ५ किलोमीटर खोलीचा भूकंप आणि १५ किलोमीटर खोलीचा भूकंप यांत, पी (आधी पोहोचणारी, वेगवान) आणि एस (मागून येणारी) लहरी येण्यामधल्या वेळेचा फरक पडतो जेमतेम ०.२ सेकंदाचा. एस लहर नेमकी कुठे सुरू झाली हे आलेखावर ठरवताना एवढी चूक अनुभवी माणसाचीही होते, कारण ती पी लहरीच्या शेपटीत मिसळलेली असते. तेच केंद्र ५ किलोमीटरवर असेल तर फरक होतो १ सेकंदाचा, आणि तो चुकूच शकत नाही. म्हणून खोली खात्रीने हवी असेल तर नाभी जितकी खोल, साधारण तितक्याच अंतराच्या आत निदान एक यंत्र पाहिजे.

मोठ्या धक्क्याच्या वेळी ते तिथे नसते, हे मान्य. पण आफ्टरशॉक, म्हणजे मागाहूनचे छोटे धक्के, येत राहतात आणि ते त्याच भ्रंशाच्या आसपास होतात. जपानचे भूकंपशास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ मध्ये दाखवून दिले, की त्यांची संख्या साधारण दिवसांच्या व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी शंभर असतील तर दहाव्या दिवशी दहाच्या आसपास. दहा दिवसांनी यंत्रे पोहोचली तर बराचसा पुरावा निघून गेलेला असतो. हा उशीर शास्त्रामुळे होत नाही. जागेची परवानगी, कुलपाची किल्ली, न भरलेल्या बॅटऱ्या यांत दिवस जातात. दहा-पंधरा यंत्रांचा संच कायम सज्ज हवा, आणि शाळा, जलशुद्धीकरण केंद्रे, दीपगृहे, जवळची बेटे इथल्या जागांची परवानगी आधीच घेऊन ठेवलेली हवी.

यंत्र बसवताना कातळ उघडा असलेली जागा बघावी, पंप, रहदारीचा रस्ता आणि मोठी झाडे यांपासून दूर. वारा सुटला की झाडाची मुळे जमीन हलवतात. उत्तर दिशा लावताना लोखंडी सळ्यांजवळ होकायंत्र धरू नये, आणि चुंबकीय उत्तरेतून खऱ्या उत्तरेची दुरुस्ती करायला विसरू नये. नोंद सेकंदाला निदान १०० वेळा हवी. किनाऱ्यावर लाटांमुळे जमीन सतत पाच-दहा सेकंदांच्या आवर्तनाने डुलत असते. छोटे स्थानिक धक्के त्याहून कितीतरी जलद कंपनांचे असल्याने हा गोंगाट गाळता येतो. शहराचा स्वतःचा गोंगाट मात्र त्याच पट्ट्यात येतो, म्हणून रात्रीच्या नोंदी अधिक कामाच्या.

समुद्रतळावरची यंत्रे टाकणे वेगळेच काम आहे. पाण्याखाली उपग्रहाची वेळ मिळत नाही. घड्याळ सोडण्यापूर्वी जुळवायचे आणि वर काढल्यावर पुन्हा तपासायचे. दिवसाला १ मिलिसेकंदाची चूक धरली तरी सहा महिन्यांत जवळपास ०.२ सेकंद होते, म्हणजे पी लहरीच्या वेगाने एक किलोमीटरहून अधिक. बॅटरी आधीच संपली तर शेवटची तपासणी हुकते आणि सगळ्या नोंदींची वेळ संशयात येते. मऊ चिखलातून एस लहर उशिरा वर येते, तीही दुरुस्ती प्रत्येक जागेसाठी वेगळी. उथळ पाण्यात सर्वांत मोठा धोका ट्रॉलरच्या जाळ्यांचा. मच्छीमार संस्थांना आधी विश्वासात घेतले नाही तर यंत्र परत मिळणे कठीण.

लहरींच्या पहिल्या हालचालीवरून भ्रंशतलाचा, म्हणजे भ्रंश ज्या पातळीवर सरकला तिचा, कल काढता येतो, पण गणित एकमेकांना काटकोनात असलेली दोन तले देते. खरे कोणते, हे आफ्टरशॉक कोणत्या तलावर ओळीने बसतात त्यावरून कळते. त्यासाठी शेजारच्या दोन धक्क्यांच्या वेळांतला फरक घेऊन जागा पुन्हा मोजतात. दोघांच्याही लहरी जवळपास त्याच वाटेने आलेल्या असल्याने वाटेतल्या खडकांविषयीची चूक उडून जाते. आधी ढगासारखा दिसणारा ठिपक्यांचा पुंजका मग कलत्या पातळीसारखा दिसू लागतो. पाच तीव्रतेच्या भूकंपात ही पातळी तीन-चार किलोमीटर लांब, सहाच्या भूकंपात दहा-बारा.

मग हा भ्रंश समुद्रतळाच्या नकाशाशी ताडून पाहायचा. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता. त्यानंतर पाणी चढताना झिजून तयार झालेला पृष्ठभाग आज चिखलाखाली गाडलेला सापडतो. भ्रंशाने तो तोडला असेल तर भ्रंश अजून सक्रिय आहे. ध्वनिलहरींच्या छेदात हे दिसते, पण चिखलात मिथेन वायू साठलेला असला की खालचे सगळे पुसले जाते. शिवाय किनाऱ्यालगत जहाज जाऊ शकत नाही आणि जमिनीवरची मोजणी पाण्यापाशी थांबते. शहराला ज्या पट्ट्याची माहिती सर्वाधिक हवी, नेमका तोच पट्टा नकाशावर कोरा राहतो. लहान होड्या आणि उथळ पाण्यातली उपकरणे वापरून तो भरता येतो, आणि आमच्या मते पैसा आधी तिथे लागला पाहिजे.

वृत्तपत्राकडून आमच्या दोन अपेक्षा आहेत. खोली छापताना ती मोजलेली की धरलेली, आणि सर्वांत जवळचे केंद्र किती अंतरावर होते, एवढे विचारून छापावे. आणि धक्क्यानंतर वाचकांसाठी छोटा तक्ता द्यावा: वेळ, परिसर, कितवा मजला, इमारत कशाची, हादरा एकदम बसला की डुलल्यासारखे झाले, काय पडले किंवा तडकले. ज्यांना काहीच जाणवले नाही त्यांनीही तो जरूर भरावा, कारण हादऱ्याची सीमा त्यांच्याच उत्तरांवरून आखता येते.

आपले,
भूकंपमापनाच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक