पडद्यावरची उंची आणि गडाचा कडा

महोदय,

पाऊस ओसरला की गडांवर नवे कोरे ड्रोन दिसू लागतात. विकताना ग्राहकाच्या मनावर एक गोष्ट हमखास ठसवली जाते: काही बिनसले तर ‘रिटर्न टू होम’चे बटण दाबा, ड्रोन आपोआप परत येईल. मोकळ्या मैदानावर हे बहुतांशी खरे आहे. सह्याद्रीत मात्र याच भरवशावर ड्रोन कड्यावर आपटतात.

रिमोटच्या पडद्यावर दिसणारी उंची ड्रोनच्या खालच्या जमिनीपासून नव्हे, तर जिथून उड्डाण केले त्या जागेपासून मोजलेली असते. समजा, माचीवरून ड्रोन उडवला आणि बालेकिल्ला माचीपेक्षा 80 मीटर उंच आहे. परतीची उंची ॲपमध्ये 40 मीटर ठेवलेली आहे. ड्रोन बालेकिल्ल्याला वळसा घालून मागे गेला आणि सिग्नल तुटला, की तो आपोआप 40 मीटरपर्यंत चढतो आणि नाकासमोर माचीकडे निघतो. मध्ये कातळ उभा! स्वस्त ड्रोनला समोरचा अडथळा ओळखणारे सेन्सर नसतात आणि असले तरी संध्याकाळच्या अंधुक उजेडात त्यांचा भरवसा धरता येत नाही. म्हणून परतीची उंची दर ठिकाणी, उड्डाणाआधी, आसपासच्या सर्वांत उंच टोकापेक्षा निदान 20 मीटर जास्त ठेवावी. ती कायद्याच्या मर्यादेत बसत नसेल, तर ड्रोन नजरेआड नेऊच नये.

उलट बाजूही तितकीच फसवी. कड्याच्या टोकावरून ड्रोन दरीवर नेला आणि पडद्यावर 20 मीटर दिसत असले, तरी खाली 300 मीटरची दरी असेल तर जमिनीपासूनची उंची 320 मीटर होते. ड्रोन नियम 2021 प्रमाणे हरित क्षेत्रातही (जिथे उड्डाणाला आधी परवानगी लागत नाही) मर्यादा 400 फूट, म्हणजे सुमारे 120 मीटर आहे आणि ती जमिनीपासून मोजतात. बॅटरी अगदी संपत आली की ड्रोन असेल तिथेच उतरू लागतो. दरीवर याचा अर्थ काय, हे सांगायला नको.

दुसरा शत्रू वारा. ड्रोनचा वेग सेकंदाला 10 मीटर आणि समोरचा वारा 7 मीटर असेल, तर जमिनीवरून तो सेकंदाला 3 मीटरच सरकतो. 600 मीटरचे परतीचे अंतर वारा नसता तर एका मिनिटात कापले असते, त्याला 3 मिनिटे 20 सेकंद लागतात. पाठीवर वारा घेऊन दूर जाणाऱ्या नवख्याला हे कळते तेव्हा बॅटरी 20 टक्क्यांवर आलेली असते. आधी वाऱ्याच्या विरुद्ध जावे, परतताना वारा पाठीशी घ्यावा आणि 40 टक्क्यांवर माघारी वळावे. अडकलातच तर शक्य तितके खाली यावे, वर वारा जास्त असतो. कड्याच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा भोवऱ्यासारखी घुसळते, तिथे तर जाऊच नये.

हे सगळे गडावर शिकण्याचे नाही. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात, सकाळी वारा सुटण्याआधी सुरुवात करावी. पंखे दोन प्रकारचे असतात. खुणा पाहून बसवावेत, अदलाबदल झाली तर ड्रोन उडता उडताच उलटतो. गिंबलचे (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाचे) कव्हर चालू करण्याआधी काढावे. लोखंडी फाटक, गाडी, सळयांचा स्लॅब (आणि गडावर तोफ!) यांच्याजवळून उड्डाण करू नये, होकायंत्र बिघडले की ड्रोन एका जागी न थांबता वाढत्या वर्तुळात फिरू लागतो. ‘होम पॉइंट’ (परत येण्याची जागा) नोंदल्याचा संदेश येईपर्यंत इंजिन सुरू करू नये.

मग 2 मीटरवर ड्रोन स्थिर धरा. त्याहून खाली पंख्यांचा वारा जमिनीवरून उसळून ड्रोन डोलतो. शेपूट आपल्याकडे ठेवून चौकोन काढा, मग नाक आपल्याकडे करून. यात डावे-उजवे उलटे होते आणि बहुतेकांची बोटे इथेच गडबडतात. त्यामुळे हाच सराव सगळ्यांत जास्त करावा, शेवटी आठचा आकडा काढावा. मग 40 मीटरवरून मुद्दाम परतीचे बटण दाबून पाहा आणि ते मध्येच रद्द करायलाही शिका. ‘स्पोर्ट मोड’मध्ये, म्हणजे जास्त वेगाच्या मोडमध्ये, अडथळ्यांचे सेन्सर बंद असतात, त्यामुळे शिकताना तो नकोच.

250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन, किंवा हौसेखातर 2 किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन उडवायला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणी आणि निषिद्ध क्षेत्राचे नियम लागूच राहतात. जाड बॅटरी किंवा पंख्यांचे संरक्षक लावले की 249 ग्रॅमचा ड्रोन नॅनो राहत नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंवर, रायगडावरही, खात्याची परवानगी लागते. हरिश्चंद्रगड अभयारण्यात असल्याने तिथे वनखात्याची.

विक्रेत्यांनी खोके हाती देताना एवढे तरी करावे: परतीची उंची ॲपमध्ये कुठे बदलायची आणि ती कुठून मोजली जाते, हे ग्राहकाला स्वतःच्या हाताने करायला लावावे. याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

– एक वाचक, पुणे